ऑडिओ क्लिप अस्सल की जोडतोड केलेली? वेव्हफॉर्म उघडण्याआधी आणि उघडल्यावर काय तपासायचं

व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये टाकायची, दोन शब्दांमध्ये सपाट रेघ दिसली की ‘इथे कापलंय’ म्हणून जाहीर करायचं. क्लिप तपासताना सर्रास होणारी चूक ती हीच. ती सपाट रेघ बहुतेक वेळा फोनच्या नॉइज सप्रेशनची, म्हणजे मागचा गोंगाट दाबण्याच्या सोयीची, करामत असते. उलट, सराईत माणसाने दोन श्वासांच्या मधोमध घातलेला कट वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या लाटांच्या आलेखावर, अजिबात दिसत नाही. म्हणून चित्र बघणं हे या कामातलं पहिलं पाऊल नव्हेच. आधी फाइल, मग तुलनेचा नमुना, मग कान, आणि त्यानंतर डोळे. हा क्रम मोडला की निष्कर्ष गडबडतो.

खालची पद्धत फोन कॉलची रेकॉर्डिंग, व्हॉइस नोट आणि समोरासमोरच्या बोलण्याची फोनवर केलेली रेकॉर्डिंग यांच्यासाठी आहे. स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणाला यातले बरेच आडाखे लागू पडत नाहीत.

तयारी

संगणकावर हे हवं: ऑडॅसिटी, मीडियाइन्फो (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारा), सेव्हन-झिप, प्राट (उच्चारांच्या विश्लेषणाचा) आणि एखादा हेक्स एडिटर (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणारा). सगळे फुकट मिळतात. हेडफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथवर आवाज पुन्हा कॉम्प्रेस होऊन कानात येतो आणि बारीक ‘टक्’ त्यात हरवतात.

ऑडॅसिटीत दोन सेटिंग आधी बदला. डिदर ‘नन’ करा, नाहीतर प्रत्येक एक्स्पोर्टमध्ये प्रोग्रॅम स्वतःचा सूक्ष्म नॉइज मिसळतो. आणि प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतली तो आकडा) फाइलच्या रेटइतकाच ठेवा. ८००० हर्ट्झची फाइल ४४१०० च्या प्रोजेक्टमध्ये बघितली तर सॅम्पल पातळीवर दिसणारं मूळ फाइलमधलं नसतं.

टप्पा १: मूळ फाइल मिळवा आणि गोठवा

‘मूळ’ म्हणजे ज्या फोनवर रेकॉर्डिंग झालं त्या फोनमधली फाइल. फॉरवर्ड होऊन आलेली प्रत नव्हे, आणि ‘स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवतो’ वाली तर मुळीच नव्हे.

फोन यूएसबी केबलने जोडा आणि फाइल थेट कॉपी करा. शेअर बटण टाळा, कारण काही ॲप शेअर करताना फाइल नव्याने एन्कोड करतात. केबल शक्यच नसेल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, ‘ऑडिओ’ म्हणून नको. डॉक्युमेंट जसंच्या तसं पोहोचतं.

कॉपी होताच, ती एकदाही न वाजवता, हॅश काढा. हॅश म्हणजे फाइलचा ठसा, आत एक बिट बदलला तरी तो बदलतो. सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून त्याच्या मेनूतून एसएचए-२५६ निवडा. ६४ अक्षरांची ओळ येईल. ती तारीख-वेळेसह लिहून ठेवा, मग कामासाठी दुसरी प्रत काढा आणि तिचाही हॅश तोच येतो ना ते बघा. पुढचं सगळं काम या दुसऱ्या प्रतीवर.

सावधान: क्लिप कोर्टात जाण्याची शक्यता असेल तर फोन विकू नका, रीसेट करू नका, क्लिप ‘साफ’ करायला कुणाला देऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. त्याचा एक भाग उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. जालन्यातल्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जुन्या कायद्यातलं असंच प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं होतं. मूळ उपकरणच मालकाने साक्षीला उभं राहून हजर केलं, तर त्याची गरज नाही असंही त्या निकालात आहे.

टप्पा २: दावा शब्दांत उतरवून घ्या

हे पाच मिनिटांचं काम नेमकं सगळे गाळतात. क्लिप देणाऱ्याला विचारा: कोणता फोन, कोणतं ॲप, कॉल की समोरासमोर, कुठे, कधी, मध्ये ‘पॉज’ दाबलं होतं का, नंतर सुरुवात-शेवट छाटला का. उत्तरं लिहून घ्या. तुम्हाला तपासायचं आहे ते फाइल आणि हा दावा जुळतात का एवढंच. दावाच नसेल तर तपासायलाही काही उरत नाही.

पॉजचा प्रश्न तर विसरूच नका. बहुतेक रेकॉर्डर ॲपमध्ये पॉज असतं, व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्येही आहे. पॉजची जागा फाइलमध्ये हुबेहूब कटसारखी दिसते.

टप्पा ३: तुलनेचा नमुना तयार करा

त्याच फोनवर, त्याच ॲपमध्ये, जमल्यास त्याच खोलीत नवी रेकॉर्डिंग करा. किमान तीन हव्यात:

पहिली, पाच मिनिटांचं सलग बोलणं, मध्ये वीस-वीस सेकंद गप्प बसून. दुसरी, मुद्दाम दोनदा पॉज दाबून आणि कॉल असेल तर म्यूट करून. तिसरी, मोठ्याने बोलून, म्हणजे आवाज फाटतो तेव्हा हा फोन काय करतो ते कळतं.

कॉल असेल तर नमुनाही कॉलचाच घ्या. गूगलच्या फोन ॲपने रेकॉर्डिंग सुरू केलं की दोन्ही बाजूंना तशी घोषणा ऐकू जाते. नमुन्यात ती उमटते का आणि वादातल्या क्लिपमध्ये ती आहे का, हे जुळवा.

तपासा: नमुन्यातल्या शांत जागा कशा दिसतात? सरळ रेघ, की हलकी खरखर? याचं उत्तर हातात नसेल तर टप्पा ६ वर जाऊच नका.

टप्पा ४: फाइल बाहेरून वाचा

मीडियाइन्फोमध्ये दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडा. कोडेक (आवाज दाबून साठवायची पद्धत), सॅम्पल रेट, बिटरेट (सेकंदाला किती डेटा), चॅनेल, एन्कोडरचं नाव. वादातली फाइल आणि नमुना यांत फरक दिसला तर पहिला प्रश्न तिथेच उभा राहतो.

साधारण ओळखी अशा. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट ओपस कोडेकमध्ये, मोनो असते. आयफोनचं व्हॉइस मेमोज एम-फोर-ए फाइल करतं. जुन्या कॉल रेकॉर्डरच्या फाइली एएमआर, ८००० हर्ट्झच्या. कुणी ‘माझ्या फोनमधली ओरिजिनल’ म्हणून एमपी-थ्री दिली आणि त्याच्या ॲपमध्ये एमपी-थ्रीचा पर्यायच नसेल, तर ती मूळ नाही. मात्र ‘मूळ नाही’ म्हणजे ‘बनावट’ नव्हे. मूळ परत मागा.

एएमआर फाइलला एक सोपं गणित लावता येतं. १२.२ किलोबिटच्या मोडमध्ये दर २० मिलिसेकंदांना ३२ बाइट, म्हणजे सेकंदाला १६०० बाइट, आणि सुरुवातीचे ६ बाइट वेगळे. तीन मिनिटांची फाइल २,८८,००६ बाइटची भरायला हवी. बरीच कमी भरली तर शांततेत डेटा न पाठवण्याची सोय चालू असेल किंवा मोड वेगळा असेल. नमुन्यावर हेच गणित करून बघा.

हेक्स एडिटरमध्ये फाइलची सुरुवात आणि शेवट चाळा. एडिटिंग प्रोग्रॅम बरेचदा स्वतःचं नाव सोडून जातात. एल-ए-व्ही-एफ ही अक्षरं आणि पुढे आकडा दिसला तर फाइल एफएफएमपेग या फाइल-रूपांतराच्या प्रोग्रॅमच्या लायब्ररीतून गेलेली आहे. पण काही रेकॉर्डर ॲप आतून तीच लायब्ररी वापरतात, तेव्हा नमुन्यातही ती अक्षरं आहेत का ते बघितल्याशिवाय बोलू नका.

सावधान, वेळेचा घोटाळा: एम-फोर-ए फाइलमधली वेळ सहसा जागतिक प्रमाणवेळेत असते. दुपारी ३:३० चं रेकॉर्डिंग तिथे १०:०० दिसतं. ‘वेळ साडेपाच तास मागे, म्हणजे खोटी’ हा निष्कर्ष याच अज्ञानातून निघतो. तसंच व्हॉइस नोटच्या नावातली तारीख त्या फोनवर तो मेसेज आला-गेला त्या दिवसाची. रेकॉर्डिंग आधीचं असू शकतं.

टप्पा ५: ऐका, पण तीनदा वेगवेगळ्या गोष्टींसाठी

पहिल्या खेपेला शब्द ऐका आणि वेळेसकट उतरवून काढा. दुसऱ्या खेपेला माणसांकडे दुर्लक्ष करून फक्त मागचं ऐका: पंखा, रस्ता, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या. मध्येच तुटलेली शिट्टी, अर्ध्यावर गायब झालेला हॉर्न, अचानक बदललेला पंख्याचा सूर यांच्या वेळा नोंदवा. तिसऱ्या खेपेला श्वास आणि खोलीचा घुमारा. वाक्य संपल्यावर भिंतीवरून परतणारा आवाज हळूहळू विरतो. तो मध्येच छाटला गेला की कानाला आधी कळतं.

या यादीतल्या वेळाच पुढच्या टप्प्यांत बघायच्या. आख्खी क्लिप झूम करून चाळत बसलात तर शंभर ‘संशयास्पद’ जागा सापडतील आणि त्यातल्या नव्वद काहीच नसतील.

मराठी क्लिपमध्ये वाक्यांचे शेवट खास जपून ऐका. आपल्याकडे नकार क्रियापदाच्या मागून येतो. ‘मी पैसे घेतले नाहीत’ यातली शेपटी कापली की कबुलीजबाब तयार. शब्द हलवायची गरज नाही, नवा आवाज बनवायची गरज नाही. अशा कटनंतर ‘घेतले’चा सूर बहुधा खाली येऊन टेकत नाही, अधांतरी राहतो. दुसरी खूण प्राटच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती वारंवारता किती आहे ते दाखवणाऱ्या चित्रात, शोधा. पुढे ‘न’ येणार म्हणून ‘ले’मधला ‘ए’ शेवटच्या काही मिलिसेकंदांत अनुनासिक व्हायला लागतो. पुढे अनुनासिक व्यंजन नाही आणि स्वर मात्र नाकात शिरलेला, अशी जागा सापडली तर ठळक नोंद करा. त्याच माणसाने त्याच क्लिपमध्ये खरोखर ‘घेतले’, ‘दिले’वर संपवलेली वाक्यं शेजारी ठेवून तुलना करा. काही जण बोलतातच नाकात.

टप्पा ६: वेव्हफॉर्म

उभी पट्टी डेसिबलमध्ये करा आणि तिची मर्यादा −६० वरून −९६ पर्यंत खाली न्या. साध्या पट्टीवर शांत जागा रेघेसारख्या दिसतात, डेसिबलमध्ये त्यांचा खरा तळ, म्हणजे मागच्या नॉइजची पातळी, दिसतो. आवाज वाढवून बघायच्या भानगडीत पडू नका.

नोंदवलेल्या प्रत्येक जागेवर सॅम्पलचे ठिपके दिसेपर्यंत झूम करा आणि हे बघा:

उडी. एका सॅम्पलवरून पुढच्यावर रेघ अचानक वर-खाली जाते का? कच्च्या कटची ही खूण. पण एडिटिंग करणारे शून्यावर कापतात किंवा काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड देतात, म्हणजे एक तुकडा विरत असताना दुसरा चढवतात. त्यामुळे उडी नसणं हा निर्दोषपणाचा दाखला नाही.

निव्वळ शून्य. माइकमधून आलेल्या आवाजात शेवटचा बिट तरी थरथरतच असतो. शेकडो सॅम्पल सलग शून्य असतील तर शांतता घुसवलेली, म्यूट दाबलेलं, कॉलमधलं पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा आवाजाचा छोटा तुकडा) हरवलेलं किंवा नॉइज सप्रेशन. हरवलेल्या पॅकेटचे तुकडे बहुधा २० मिलिसेकंदांच्या पटीत असतात. बाकीच्यांचा निवाडा नमुना करतो.

तळ बदलणं. कटच्या आधी मागचा नॉइज −५८ आणि नंतर −५१ डेसिबल, आणि बोलणारा तोच, अंतर तेच? शंका रास्त. मात्र फोनचं स्वयंचलित व्हॉल्यूम नियंत्रणही असंच करतं. फरक असा की ते शंभरेक मिलिसेकंदांत किंवा त्याहून सावकाश सरकतं, कट एका क्षणात होतो.

छाटलेली टोकं. लाटांची टोकं सपाट आहेत, पण कमाल पातळीच्या बरीच खाली? म्हणजे आवाज आधी फाटला आणि नंतर कमी केला गेला. हे एडिटरमध्ये घडलं की कॉलच्या पलीकडच्या टोकाला, ते तिसऱ्या नमुन्यावरून कळेल.

नक्कल. दोन ठिकाणचा एकच शब्द हुबेहूब सारखा वाटतोय? दोन्ही तुकडे वेगळ्या ट्रॅकवर घ्या, सॅम्पलला सॅम्पल जुळवा, एक ‘इन्व्हर्ट’ करा आणि मिक्स करा. माणूस एकच शब्द दोनदा उच्चारतो तेव्हा दोन लाटा कधीच एकमेकींना खात नाहीत. बेरीज उलट तीनेक डेसिबलने वाढते. कॉपी-पेस्ट असेल तर आवाज जवळपास नाहीसा होतो. मधे कॉम्प्रेशन झालं असेल तर पूर्ण नाही, पण स्पष्ट घट होते. बोलण्यातल्या मोकळ्या जागांवरही हे करून बघा, कारण शांततेला ठिगळ लावताना लोक बहुधा तीच शांतता पुन्हा डकवतात.

सावधान: कॉल रेकॉर्डिंगमध्ये जवळचा माणूस आणि पलीकडचा माणूस यांचे तळ वेगळेच असतात. जवळचा थेट माइकमधून येतो, पलीकडचा नेटवर्कमधून गाळून. वक्ता बदलला की सगळं बदललं, हे कॉलमध्ये स्वाभाविक आहे. तुलना नेहमी एकाच बाजूच्या आवाजाची त्याच बाजूशी.

टप्पा ७: स्पेक्ट्रोग्राम

एकच विंडो साइज, म्हणजे एका वेळी मोजायच्या सॅम्पलची संख्या, लावून बसू नका. ८००० हर्ट्झच्या फाइलला १२८ ची विंडो म्हणजे १६ मिलिसेकंद, जोड कुठे आहे ते बघायला. १०२४ ची म्हणजे १२८ मिलिसेकंद, पंख्या-मोटारींचे सूर सलग आहेत का ते बघायला. सॅम्पल रेट दुप्पट असेल तर हे आकडेही दुप्पट करा.

आधी छत बघा, म्हणजे आवाज वरती किती हर्ट्झपर्यंत जातो ते. साध्या कॉलमध्ये ३४०० च्या आसपास, एचडी व्हॉइसमध्ये ७००० पर्यंत, १६००० हर्ट्झच्या फाइलमध्ये फार तर ८०००. फाइल ४४१०० ची आणि छत सबंध क्लिपभर ४००० वर असेल तर आवाज केव्हातरी टेलिफोनच्या दर्जातून गेलाय. सबंध क्लिपमध्ये छत ७००० आणि एकाच वक्त्याच्या एकाच वाक्यात ते ३४०० वर येतं, हे फार गंभीर. तरीही कॉल चालू असताना नेटवर्क ४जी वरून २जी वर घसरलं तर असंच होतं. पण मग छत तिथून पुढे बराच वेळ खाली राहतं, एका वाक्यापुरतं येऊन परत जात नाही.

मग आडव्या रेघा. पंखा, फ्रिज, मिक्सर यांच्या रेघा जोडाच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर आहेत का? तुटून सरकलेल्या असतील तर टप्पा ५ मधली नोंद पक्की होत जाते.

टप्पा ८: विजेची गुणगुण

भारतात वीज ५० हर्ट्झची, ग्रिडला (वीजवहनाच्या जाळ्याला) ४९.९० ते ५०.०५ चा पट्टा ठरवून दिलेला. घरातली उपकरणं १०० हर्ट्झच्या आसपास गुणगुणतात आणि बॅटरीवरचा फोनही ती उचलतो. व्हॉइस नोटमध्ये आणि कॉलमध्ये ती बऱ्याचदा उरतच नाही. समोरासमोरच्या, किमान दोन-तीन मिनिटांच्या रेकॉर्डिंगसाठीच हा टप्पा करा.

प्रत १००० हर्ट्झवर रीसॅम्पल करा, विंडो ८१९२ ठेवा आणि ९५ ते १०५ हर्ट्झचा भाग मोठा करून बघा. सलग रेघ मिळाली तर पुढे जा. दुसऱ्या प्रतीवर ९० च्या वरचं आणि ११० च्या खालचं तेवढं राहील असे हाय-पास आणि लो-पास फिल्टर लावा. दहा मिलिसेकंदांची एकसारखी लाट दिसेल. संशयित जागी ती लाट अडखळते, बसते किंवा अर्ध्यातून सुरू होते का ते तपासा. तीव्र फिल्टरमुळे अडखळ थोडी पसरते, हे धरून चाला.

सावधान: बत्ती जाऊन इन्व्हर्टर लागला तरी हीच अडखळ येते, आणि त्यानंतरची वारंवारता इन्व्हर्टरची स्वतःची असते. त्या वेळी वीज गेली होती का, ते विचारून घ्या. गुणगुण १२० हर्ट्झची निघाली तर रेकॉर्डिंग ६० हर्ट्झच्या देशातलं, मग ‘पुण्यात केलं’ हा दावा अडचणीत येतो. पण पुणे की पाटणा हे मात्र यातून कळणार नाही. २०१३ च्या अखेरीपासून देशभरचं ग्रिड एकच आहे.

टप्पा ९: यंत्राने बनवलेला आवाज

इथे फार आशा ठेवू नका. खोलीचा घुमारा नसणं, लांब वाक्यांत श्वासच नसणं, सबंध क्लिपभर तळ एकसारखा असणं, ८, ११ किंवा १२ हजार हर्ट्झवर सुरीने कापल्यासारखं छत, ही लक्षणं मूळ फाइलमध्ये उपयोगी. व्हॉइस नोट होताना ८ हजारांच्या वरचं सगळं जातं आणि त्यासोबत पुरावाही जातो. २०२४ च्या विधानसभा मतदानाच्या आदल्या दिवशी बिटकॉइन व्यवहारांच्या कथित क्लिपा फिरल्या, तेव्हाही लोकांच्या हातात होत्या त्या सोशल मीडियावरून उतरवलेल्या प्रती.

ऑनलाइन डिटेक्टरचा टक्का हा निकाल नाही. इंग्रजीवर शिकवलेला डिटेक्टर कॉम्प्रेस झालेल्या मराठी आवाजावर चुकू शकतो. वापरायचाच असेल तर टप्पा ३ मधले स्वतःचे खरे नमुने आधी त्याला द्या. त्यांनाही ‘बनावट’ म्हणत असेल तर तो बाजूला ठेवा.

टप्पा १०: निष्कर्ष कसा लिहायचा

तीनच वाक्यप्रकार वापरा. ‘दाव्याशी विसंगत गोष्ट आढळली नाही.’ ‘अमुक वेळेला विसंगती आढळली, तिची अशी अशी कारणं असू शकतात.’ ‘उपलब्ध प्रतीवरून सांगता येत नाही.’ ‘क्लिप शंभर टक्के खरी’ हे वाक्य या पद्धतीतून कधीच निघत नाही. एकट्या एका खुणेवर दुसऱ्या प्रकारचं वाक्य लिहू नका. ऐकणं, वेव्हफॉर्म, स्पेक्ट्रोग्राम यांपैकी किमान दोन ठिकाणी तीच जागा सापडायला हवी, आणि नमुन्यात तसं काही नसायला हवं.

प्रकरण पोलिसांत गेलं तर क्लिप तपास अधिकारी किंवा न्यायालयामार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाते. सोबत मूळ फोन, हॅशची नोंद, दाव्याचा कागद, वेळांची यादी आणि तिन्ही नमुने द्या. ऑडॅसिटीत वाढवलेली, गाळलेली, ‘स्पष्ट केलेली’ प्रत त्यात मिसळू नका. द्यायचीच असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये, काय केलं ते नावातच लिहून.